मले, मला आणि मुझे

बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं डोईफोडिया हे आमचं गाव. महाराष्ट्राची हद्द जवळ, पण मी शिकलो ती शाळा हिंदी माध्यमाची. घरात वऱ्हाडी वळणाची मराठी, शाळेत हिंदी, आणि बाजारात कानावर कोरकू. कोरकू तर आपल्या भाषांच्या कुळातलीही नाही. ती मुंडा कुळातली, संथाळीची नातलग.

पहिली भाषा कशी येते, ते मी माझ्या मुलीत पाहिलं. अडीच वर्षांची असताना ती ‘मी काम करलं’ म्हणायची. घरात असं कुणीच बोलत नव्हतं. म्हणजे ती नुसतं ऐकलेलं म्हणत नव्हती; धरलं, भरलं, मारलं यांतून तिनं नियम काढला होता आणि तो ‘करणे’लाही लावला होता. इंग्रजी घरातलं मूलही असंच ‘वेंट’ऐवजी ‘गोएड’ म्हणतं. आम्ही टोकलं नाही. काही महिन्यांनी ‘केलं’ आपसूक आलं.

दुसरी भाषा मात्र पहिलीच्या खांद्यावर बसून येते. गुरुजी ‘शिक्षा का महत्त्व’ सांगू लागले की पहिलीतली मराठी पोरं हात मागं लपवायची! हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, हे कळायला वेळ लागे. आणि ‘हम’चं काय करायचं? मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा वगळला, ‘आपण’ म्हटलं की तो आत आला. हिंदीला दोन्हीकडे एकच ‘हम’. कोरकू पोरांनाही हा भेद घरूनच माहीत असतो, वर दोघांपुरतं ‘आपण’ त्यांच्याकडे वेगळं.

राज्यघटनेत १९५६ साली ३५०अ कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असा त्याचा हेतू. आता आम्ही इंदूरला. मुलगी आठ वर्षांची. एका शिक्षिकेनं सुचवलं, ‘घर में हिंदी ही बोलिए, बच्ची कन्फ्यूज होगी.’ मला ते पटलं नाही. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. आमच्या गावात तर तीन भाषा कानावर घेत पोरं वाढली.

खरी अडचण वेगळीच होती. फोनवर आजी विचारायची, ‘जेवली का वं?’ उत्तर यायचं, ‘हां, खा लिया.’ सगळं समजायचं, तोंडातून मात्र मराठी निघत नव्हती. हळूहळू आजीच तिच्याशी मोडकी हिंदी बोलू लागली. ते मला जास्त लागलं.

यंदा मे महिन्यात तिला गावी ठेवलं. आईला एवढंच सांगितलं, ‘तू हिंदी बोलू नकोस, तिला अडू दे.’ पहिले चार दिवस रुसवेफुगवे झाले. नंतर शेजारच्या पोरींबरोबर लंगडी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, ‘बाबा, मले अजून आठ दिस राहू द्या ना!’

जूनचा पहिला आठवडाही मग तिथंच गेला.