साकीनाक्याची भट्टी आणि घरचे स्कोन

मेट्रोने साकीनाक्याला उतरलात की अंधेरी-कुर्ला रस्त्याची गर्दी तुम्हाला गाठतेच. रिक्षा, टेम्पो, हॉर्न आणि गल्लोगल्ली छोटे-मोठे कारखाने! इथल्या गाळ्यांत राबणाऱ्या कितीतरी जणांची सकाळ चहा-पावावर आणि दुपार वडापाववर निभावते. अशा वस्तीला बेकरी हवीच.

पायाने मळतात म्हणून पाव, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका हं! हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. पावाच्या पिठात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात. ते पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्या वायूने पीठ हळूहळू फुगतं. तुम्हाला सकाळी गरम लादी मिळावी, म्हणून बेकरीतले कामगार रात्रभर भट्टीपाशी जागतात.

पूर्वी या भट्टीचा घराशीही संबंध असे. दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि डबा भरून नानकटाई भाजून आणायची! आता घरच्या घरीही भाजता येतं. त्यासाठी स्कॉटलंडचा स्कोन अगदी सोपा. तो बेकिंग पावडरवर झटपट फुगतो. इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्ड यांनी 1843 मध्ये ही पावडर बनवली, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट चालत नसे.

करून पाहायचा? 250 ग्रॅम मैद्यात 3 लहान चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि 60 ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळा. गोड हवा तर गुळाची पूड, वेलदोडा, बेदाणे घाला. तिखट हवा तर चिरलेली मेथी, मिरची, जिरं, किसलेलं चीज. साधारण अर्धा कप दूध घालून पीठ नुसतं गोळा करा. जास्त मळलंत तर स्कोन चिवट होतो! बोटभर जाड थापून वाटीने गोल कापा. आईबाबांच्या मदतीने, तापलेल्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर सुमारे 15 मिनिटं भाजा.

गरम स्कोन खाताना बेकरीतल्या कामगारांची आठवण ठेवा. लाकडाच्या भट्टीचा धूर आधी त्यांच्याच छातीत जातो, मग आपल्या. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेसाठी हे गरजेचंच. पण छोट्या बेकरीवाल्याला नव्या भट्टीचा खर्च जड जातो. पाव तर स्वस्तच राहायला हवा, कारण त्यावर कुणाचं तरी दुपारचं जेवण अवलंबून असतं.

तुमच्या गल्लीतली भट्टी कशावर चालते? पुढच्या वेळी पाव आणायला जाल, तेव्हा बेकरीवाल्या काकांना जरूर विचारा. आणि हो, एक स्कोन त्यांनाही द्या!