दुसरं बाळ

जुळी म्हटलं की नातेवाईक आधीच विचारतात, ‘मॅडम, सिझर कधी?’ मला मग २०१३ चा ‘ट्विन बर्थ स्टडी’ आठवतो. २५ देश, २८०४ बायका, पहिलं बाळ डोक्याकडून. ठरवून केलेल्या सिझरनं बाळांचं काही जास्त भलं झालं नाही. अर्थात नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्यांपैकीही सुमारे ४४ टक्के शेवटी सिझरवर गेल्या. उत्साही मंडळी हे सांगायचं विसरतात.

दोघांची पिशवी एकच असेल तर मी वाद घालत नाही. नाळा गुंततात, सिझरच.

खरी परीक्षा पहिलं बाळ रडल्यावर. बाहेर पेढ्यांची चर्चा, आमचे हात पोटावर. वार पडायचं इंजेक्शन आत्ता द्यायचं नाही, आत अजून एक जण आहे. ते आडवं आहे का, सोनोग्राफीनं बघायचं. ठोके ऐकत राहायचं. कळा मंदावल्या तर ऑक्सिटोसिनची ड्रिप. आडवंच राहिलं तर पाणमोट घाईनं न फोडता आत हात घालून पाय धरायचे आणि पायाळू जन्माला घालायचं. हे पुस्तकातून येत नाही, शेजारी उभं राहूनच येतं.

बेंगळूरुतलं वाणी विलास रुग्णालय १९३५ पासून बाळंतपणं करतंय. अशा गर्दीच्या सरकारी दवाखान्यांतच हे हात तयार होतात. आमच्याकडच्या चकचकीत लेबर रूममध्ये शिकाऊ मुलींना असं बाळंतपण बघायलाच मिळत नाही, आणि मला याचा राग येतो.

उद्या ज्युनियरला सांगायचं: ओळखू याव्यात म्हणून पहिल्या नाळेला एक चिमटा, दुसरीला दोन.