पकड सैल, ताबा पक्का

लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याच्या वाटेवर डोंगरी सायकल घेऊन आलेला नवखा माणूस लांबूनही ओळखू येतो. हँडलवर आवळलेल्या मुठी, ताठ कोपरं आणि पुढच्या चाकासमोरच्या दगडावर खिळलेली नजर. वलवण-तुंगार्लीच्या बाजूने पायथ्याच्या उढेवाडीकडे जाणारी ही सुमारे १५ किलोमीटरची वाट म्हणजे मुरूम, सुटे दगड आणि ओढे. दर पावसाळ्यानंतर तिचं रूप वेगळं. इथे हात जितके आवळाल तितका प्रत्येक हादरा थेट खांद्यात शिरतो आणि चाक भरकटतं. ज्या दगडाकडे बघत राहाल त्याच्यावरच जाऊन आदळाल. दोन दगडांमधल्या फटीकडे बघितलं तर सायकल तिथून निघून जाते.

माझा पोटापाण्याचा उद्योग विक्रीचा. साबण, तेल, बिस्किटं असा रोजचा माल दुकानांपर्यंत नेणाऱ्या माणसांची तुकडी मी सांभाळतो. या क्षेत्रातही मला त्याच आवळलेल्या मुठी दिसतात.

टायरमधल्या हवेचंच घ्या. शर्यतीच्या सायकलीच्या अरुंद टायरमध्ये शंभरच्या आसपास पीएसआय हवा भरायची जुनी पद्धत आहे. डोंगरातल्या रुंद टायरला २५-३० पुरते. कमी हवेचा टायर दगडावर दबतो, जास्त जागेवर टेकतो, म्हणून धरून राहतो. टणक टायर उसळतो, आणि हवेत असलेलं चाक वळतही नाही, थांबतही नाही. विक्री प्रतिनिधीला आपण किती मोकळीक देतो, हा माझ्या लेखी याच हवेचा प्रश्न आहे. बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात जुलै हा मंदीचा महिना. लोणावळ्याच्या बाजारात मात्र पाऊस हाच सीझन. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडच्या गर्दीने वेफर्स, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या संपतात. त्याच आठवड्यात नाणे मावळात आणि पवन मावळात भाताची आवणी चाललेली, पैसा शेतात अडकलेला. तिथला दुकानदार मोठं पाकीट घेत नाही, छोट्या पुड्या मागतो. एकाच तालुक्यातले हे दोन बाजार पुण्याच्या कार्यालयातून दिसत नाहीत. ते लाइनवर, म्हणजे दुकानांच्या फेरीवर, असणाऱ्या प्रतिनिधीला दिसतात. कोणता माल पुढे करायचा आणि ठरलेल्या मर्यादेत किती सूट द्यायची, हे त्याने दुकानाच्या पायरीवर ठरवावं. त्यासाठी दर तासाला त्याचा फोन वाजवायची गरज नाही.

लोणावळ्यात सायकल म्हटली की मुंबई-पुणे शर्यत आणि ‘घाटाचा राजा’ हा किताब आठवतो. चढाचं कौतुक रास्तच आहे. आमच्याकडेही जो सगळ्यात जोरात चढतो, सगळ्यात जास्त विकतो, त्यालाच पुढारी करतात. पण पुढाऱ्याचं खरं काम उतारावर सुरू होतं, आणि उतार ब्रेकवर जमतो. पुढचा ब्रेक जास्त ताकदवान, कारण उतरताना भार पुढे येतो. तो घाबरून एकदम दाबला तर मागचं चाक उचलतं आणि स्वार हँडलवरून पलीकडे. मागचं चाक जाम केलं तर ते नुसतं घसरत जातं. ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, आणि वळणात सायकल मोकळी सोडायची. डोंगरी सायकलिंगची शर्यत १९७६मध्ये जिथे आकाराला आली, त्या कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसजवळच्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटर उतरताना जुन्या सायकलींच्या मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि दरवेळी ते नव्याने भरावं लागायचं.

विक्रीतलं वळण म्हणजे महिनाअखेर. पंचवीस तारीख उलटली की टार्गेट गाठायला वितरकाच्या गोदामात माल ढकलतात. कंपनीच्या वहीत ती विक्री झाली, म्हणजे प्रायमरी. पण दुकानात गेलेला माल, ज्याला आम्ही सेकंडरी म्हणतो, तेवढाच राहतो. मग वितरकाचा पैसा अडकतो. तो सोडवायला तो होलसेलवाल्याला पडत्या भावात माल देतो, तो माल शेजारच्या लाइनवर पोहोचतो आणि आपलाच प्रतिनिधी दुकानात गेला की ऐकतो, ‘तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतोय.’ पुढच्या महिन्याचा पहिला पंधरवडा कोरडा जातो, बिस्किटांची मुदत संपून खोके परत येतात आणि अखेरीस पुन्हा तेच. शेवटच्या आठवड्यातली ही आरडाओरड म्हणजे वळणात मारलेला ब्रेक आहे. तो पहिल्या पंधरवड्यात, सरळ वाटेवर मारायला हवा होता: कोणत्या लाइनवर सेकंडरी थंड आहे, उधारी कुठे तुंबली आहे, हे दहा तारखेलाच बघून.

म्हणून या दिवाळीच्या स्कीमला मी एक अट घातली आहे. वितरकाने गेल्या तीन आठवड्यांत दुकानांना जेवढं विकलं, त्याच्या प्रमाणातच त्याची ऑर्डर घ्यायची. माझ्या काही एरिया मॅनेजरांना हे पटलेलं नाही. सणाची मागणी मागच्या आठवड्यांवरून कशी कळणार, असं ते विचारतात, आणि तेल-साबणाबाबत त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्या दोन मालांसाठी गेल्या दिवाळीची सेकंडरी दाखवणाऱ्या वितरकाला जास्त माल द्यायचं ठरलं. बिस्किटांची मर्यादा मात्र मी हलवलेली नाही.