घासाघीस नेमकी कुठे?

सिंगापूरहून पुतण्या रत्नागिरीला आला तो सुकवलेल्या लाल बोरांची पिशवी घेऊन. चिनी लोक ही बोरं पेजेत घालतात, काढ्यातही घालतात. अठराशे वर्षांपूर्वीच्या ‘शांगहान लुन’ या ग्रंथात दालचिनीच्या कोवळ्या काड्यांचा काढा आहे; त्यात आलं, ज्येष्ठमध आणि मोजून बारा बोरं. बाळंतिणीला तर हमखास देतात. त्यानं किंमत सांगितली, तेव्हा सगळे “असणारच” म्हणाले.

दुपारी वाडीतल्या वहिनी आमसुलं घेऊन आल्या, आणि याच मुलानं किलोमागे पन्नास रुपये कमी करायला लावले. मला ते अजून खुपतं.

आमसुलं ज्या फळांच्या सालीची होतात ते रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, पाऊस डोक्यावर असताना. फळं काढायची, फोडायची, गर-बिया वेगळ्या, सालं वेगळी. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत घालायची. दिवसचे दिवस हेच. मध्येच वळीव आला की धावाधाव. सालं भिजली तर बुरशी. बियांचं तेल काढायचं ते वेगळंच, टाचांच्या भेगांसाठी. त्यात बी लावून वाढवलेली झाडं साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. दापोलीच्या विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ जात काढली, कलमं मिळतात. पण वहिनींची झाडं सासऱ्यांनी बियांची लावलेली. पन्नास रुपये यातल्या कुठल्या कामाचे कापले?

“काकू, ते औषध आहे. हे काय, आमटीतलं आंबट!” तो म्हणाला. लहानपणी याच्या अंगावर पित्त उठलं, यानं रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आमसुलाचं पाणीच चोळलं होतं.

अर्थात तसलं पित्त बरेचदा काही तासांत आपणहून बसतं, तेव्हा सगळं श्रेय आमसुलाला देऊ नये. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर आमसूल भिजवत बसू नका, दवाखाना गाठा. आणि बोरांना मी नावं ठेवत नाही. आयुर्वेदातही बोर आहेच, आपण मात्र ते संक्रांतीला पोरांच्या डोक्यावर ओततो. पुतण्याची बोरं मी खिरीत घातली, फार छान लागली. पुढच्या खेपेला आणखी आण म्हणून सांगितलंय.

फक्त एक करा. मे महिन्यात गावी याल तेव्हा आमसुलं बाई सांगेल त्या भावानं घ्या. घासाघीस मॉलमध्ये करून बघा, जमली तर.