पडताळणी सर्वांची, सारखीच

अनोळखी पाहुण्याच्या हाती घराची किल्ली देताना यजमानाला वाटणारी धास्ती मला रास्त वाटते. घर ही आयुष्यभराची पुंजी असते. पण धास्ती खरी असली तरी तिचा प्रत्येक निवाडा खरा नसतो. 2015 साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाच शहरांत एअरबीएनबीच्या सुमारे 6,400 यजमानांकडे राहण्याची विचारणा केली. एरवी सारख्याच असलेल्या पाहुण्यांत कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार सुमारे 16 टक्क्यांनी कमी मिळाला. आडनाव ऐकून घर नाकारणे आपल्याकडेही नवे नाही. म्हणून पडताळणी हवीच, पण प्रत्येकाची, एकाच नियमाने आणि होकार-नकार ठरवण्याची कारणे आधी जाहीर करून.

कोणी म्हणेल, ओळखपत्र खरे असलेला माणूसही नासधूस करतो. मग अनुभवी नजरेवर का विसंबू नये? ओळखपत्र स्वभाव सांगत नाही, हे मान्य. ते जबाबदार कोण, एवढेच सांगते. नुकसानीसाठी अनामत आणि आधीच्या यजमानांचे अभिप्राय आहेत. नजर मात्र पूर्वग्रहालाच अनुभव समजते. पाहुण्याची धास्तीही तितकीच रास्त आहे: शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार पुरत असेल, तिथे पूर्ण क्रमांकाची प्रत मागू नये. विश्वास दोन्ही बाजूंनी कमवावा लागतो.