छाती पोचली कधी?

पहाटे पाचला मांजरसुंब्याच्या चौकात चहाला पहिली उकळी येते, तेव्हा आमची पोरं माळावर पळत असतात. कुणाला पोलीस भरती काढायचीय, कुणाला आर्मी. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य जिंकलं. वेळ 8 मिनिटं 11.20 सेकंद. सुवर्ण हुकलं ते फक्त 0.05 सेकंदाने.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. सुट्टीत धाकट्या भावाचं टायमिंग मीच घ्यायचो. एकदा त्याच्या मित्रानेही सोबत घेतलं. माझ्या मोबाइलवर 12.4, त्याच्या मोबाइलवर 12.7.

"दादा, खरं कुठलं?"

मला सांगता आलं नाही. शिट्टी ऐकून अंगठा दाबेपर्यंतच वेळ निसटलेला असतो. 100 मीटरला हाताने घेतलेल्या आणि यंत्राच्या वेळेत साधारण 0.24 सेकंदाचा फरक धरतात. तेवढ्यात भाऊ जवळपास दोन मीटर पुढे जातो. पोलीस भरतीत याच 100 मीटरला 15 गुण असतात.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिथेच ठरला: शेवटच्या रेषेवरचा किरण तुटला की आपोआप थांबणारं घड्याळ. आधी लेझर टॉर्च आणि प्रकाश ओळखणारा एलडीआर सेन्सर जोडला. लॅबमध्ये झकास चालला, पण माळावर ऊन चढलं आणि सेन्सरला ऊन कुठलं नि लेझर कुठला, कळेना. मग 38 किलोहर्ट्‌झला लुकलुकणारा इन्फ्रारेड किरण घेतला. त्याचा रिसीव्हर तेवढीच लुकलुक ओळखतो, उन्हाला फसत नाही.

तरी वेळ कमीच येई. दोन दिवस मी शेवटच्या रेषेपाशी बसून नुसतं बघितलं. भावाचा हात छातीच्या आधी पुढे येऊन किरण तोडत होता. नियमाने शर्यत धडावर संपते, हातावर नाही. म्हणून एकाखाली एक असे दोन किरण लावले आणि दोन्ही एकदम तुटले तरच घड्याळ थांबेल, असा प्रोग्रॅम लिहिला. हाताने एक तुटतो, छातीने दोन्ही.

आता भाऊ रोजची वेळ वहीत लिहितो, आणि त्या आकड्यावर आम्हा दोघांचा विश्वास आहे.

इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनो, प्रोजेक्टला विषय सापडत नसेल तर एकदा पहाटे आपल्या गावच्या मैदानावर जा. तिथे घाम गाळणाऱ्याला त्याच्या मेहनतीचा खरा आकडा कळला पाहिजे. तो काढून देणं हे आपलं काम आहे.