बत्तीस मीटर

डोंगर दिसला तो थेट नाकासमोर. एक पाऊल आधी तिथे नुसता पांढुरका धूर होता, आणि पुढच्या पावलाला दगडाची उभी भिंत. मी दचकले, भाची नाही. ‘‘अगं मावशी, रेंडर डिस्टन्स दोनवर आहे,’’ एवढंच म्हणाली आणि भिंत खणायला लागली.

दोन म्हणजे दोन चंक. माइनक्राफ्टच्या जगात एक ठोकळा एक मीटरचा, 16 ठोकळ्यांचा एक चंक. म्हणजे कुठल्याही दिशेला बघा, 32 मीटर दिसणार. त्यापुढे धुकं, आणि तेही गरिबीचं. माझ्या जुन्या लॅपटॉपला रॅम 4 जीबी, त्यातली निम्मी तो सुरू होतानाच खातो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सुट्टीला आलेल्या भाचीला मी तो देऊन टाकला, आणि तिने त्यावर हे जग थाटलं.

एफ-थ्री दाबलं की पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यांची जंत्री उघडते. भाची तिच्याकडे ढुंकून बघत नाही, मी मात्र खेळ सोडून तीच वाचत बसते. वापरलेल्या मेमरीचा टक्का 40, 55, 70 असा चढत जातो आणि एकदम कोसळतो. खेळ जावात लिहिलेला आहे, आणि जावाचा कारभार पंगतीसारखा: उष्ट्या पत्रावळी मधेमधे उचलायच्या नाहीत, जागा भरत आली की सगळ्या एकदम. नव्या मशीनवर ही उचलाउचल कळतही नाही. इथे कड्यावरून उतरणारी कोंबडी पंख पसरून हवेतच थांबते. भाचीचं बोट बटणावर दाबलेलं, लॅपटॉपचा पंखा कण्हतोय. मग केव्हातरी कोंबडी पाण्यात पडते.

एकेक चैन आम्ही बंद करत गेलो. ढग बंद. प्रकाशाच्या मऊ कडा बंद. ग्राफिक्स ‘फॅन्सी’वरून ‘फास्ट’वर. त्यात झाडाच्या पानांमधून आरपार दिसायचं थांबतं, पानं भरीव हिरवी होतात. भाचीच्या मते हे भिकार दिसतं. मला हीच झाडं बरी वाटली. जिथे सूर्यसुद्धा चौकोनी आहे, तिथे पानांनी जाळीदार नाजूकपणा कशाला करावा?

आणि धुक्याचीही माझी तक्रार नाही. पलीकडचा डोंगर अजून झालेलाच नसतो. ठरलेला मात्र असतो. जग सुरू होताना एक आकडा घेतं, सीड. कुठे टेकडी, कुठे नदी, कुठल्या कड्याखाली कोळसा, सगळं त्या आकड्यातून निघतं. खेळाची आवृत्ती तीच आणि सीड तोच असला की भाचीच्या वर्गातल्या महागड्या पीसीवाल्या मुलाकडेही हाच डोंगर निघणार. त्याला तो लांबूनच दिसतो, बिचाऱ्याला. या जमिनीच्या चढउतारामागचं गणित केन पर्लिनचं. 1982च्या ‘ट्रॉन’ सिनेमावर काम केल्यावर कॉम्प्युटरच्या चित्रांचा तो यंत्री गुळगुळीतपणा त्याला खुपायला लागला, आणि पुढच्या वर्षी त्याने शिस्तीत खडबडीतपणा आणायची ही युक्ती काढली. 1997 मध्ये तिला तंत्रज्ञानाचं ऑस्कर मिळालं.

माझ्या वेळच्या ‘डिगर’ या खेळात धुकं नव्हतं. अख्खं जग एका पडद्यावर मावायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर क्लास निघाला. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. एसी आपल्यासाठी नसून मशीनसाठी आहे, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर. ते काढून नीट घडी घालायची, तास संपला की पुन्हा चढवायचं. शिकवायचे डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस. सर चहाला गेले की सव्वापाच इंची फ्लॉपीवरचा डिगर. कॅनडातल्या विंडमिल सॉफ्टवेअरने 1983 मध्ये काढलेला खेळ. जमिनीच्या पोटात हिरवे पाचू, सोन्याच्या थैल्या, आणि बोगदे खणत पळणारी एक चिमुकली गाडी. थैलीखालची माती काढली की थैली आधी डुगडुगते. तेवढ्या क्षणात आपण निसटायचं आणि पाठलाग करणारा राक्षस नेमका खाली सापडला पाहिजे. मेलो की शोकधून वाजे, म्हणून एकीने कॅबिनेटच्या स्पीकरवर दप्तर दाबून धरायचं.

खरी पंचाईत वेगाची होती. डिगर सोडला तर बाकीचे बरेच जुने खेळ बसवले होते पहिल्या आयबीएम पीसीच्या 4.77 मेगाहर्ट्झच्या चालीवर, आणि क्लासात आलेलं नवं 386 मशीन त्याच्या कितीतरी पुढचं. त्यावर त्यातला एखादा लावला की खेळ सुरू होतो न होतो तोच आपण खलास. उपाय कॅबिनेटच्या तोंडावरच होता, टर्बोचं बटण. ते दाबलं की दिवा विझायचा, मशीन मंदावायचं आणि खेळ जरा माणसात यायचा. सगळ्यांत नव्या मशीनला म्हाताऱ्याचं सोंग घ्यायला लावायचं, हे त्या क्लासात आम्ही मनापासून शिकलेलं एकमेव काम. सर परतले की त्यांची नजर आधी त्या दिव्यावर जायची. ‘‘हळू कोणी केलं गं हे?’’ डीबेसचा मला आज एकही शब्द आठवत नाही.

भाचीच्या लॅपटॉपवर उलटा उपाय केला. माइनक्राफ्टच्या लाँचरमध्ये जुन्या आवृत्त्याही मिळतात. आम्ही 2011ची बीटा 1.7.3 लावली, आणि कोंबड्या हवेत थांबायच्या थांबल्या. शिवाय या आवृत्तीत ‘फार लँड्स’ आहेत. जगाच्या मध्यापासून 1,25,50,821 ठोकळे गेलं की आकडे पर्लिनच्या गणिताला पेलत नाहीत. जमीन बिथरते आणि भोकाभोकांची प्रचंड भिंत होऊन उभी राहते. पुढच्या 1.8 मध्ये ही चूक दुरुस्त केली. मला विचारलं असतं तर राहू द्या म्हटलं असतं. कर्ट जे. मॅक नावाचा एक अमेरिकन मार्च 2011 मध्ये ती भिंत गाठायला पायी निघाला, आणि वर्षानुवर्षं चालत राहिला. सोबत वुल्फी नावाचा पाळलेला लांडगा. अंतर जवळजवळ पृथ्वीच्या व्यासाएवढं. क्षणभरही न थांबता चाललं तरी 33 दिवसांहून जास्त लागतील.

भाचीने लगेच विचारलं, ‘‘मग घोडा का नाही घेतला त्याने?’’

घोडे खेळात 2013 मध्ये आले.

‘‘मग पळायचं ना.’’

पळणंही 1.8 मध्येच आलं. त्याआधी नुसतं चालायचं.

‘‘डुक्कर?’’

या आवृत्तीत डुकरावर बसता येतं. पण खोगीर बनवता येत नाही, ते कुठल्यातरी तळघरातल्या पेटीत सापडावं लागतं. आणि बसल्यावर डुक्कर नेईल तिकडे जायचं. भाची सध्या तळघरं धुंडाळते आहे.